'डोळे उघडे ठेवले तर कुणी नापास होत नाही' म्हणे

ऑनलाइन समुदायांत रिव्ह्यूचं काम करणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय. तो थोडक्यात असा: रांगेत मधूनमधून पेरलेल्या चाचण्यांत फक्त न वाचता बटणं दाबणारे नापास होतात. चाचणीचं उत्तर समुदायानेच मतं देऊन ठरवलेलं असतं, म्हणजे ते बरोबरच असतं. शंका आली तर 'वगळा' आहेच. आणि आठवडाभर निलंबन झालं तर बिघडलं काय, काम तर फुकटचंच आहे.

हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लोकांच्या नव्या पोस्टी एका रांगेत लागतात आणि स्वयंसेवक त्या वाचून ठेवायच्या, सुधारायच्या की हटवायच्या ते सांगतात. त्यातच यंत्रणा एखादी जुनी पोस्ट घुसवते, जिचा निकाल आधीच लागलेला असतो. तुमचं मत त्या निकालाशी जुळलं नाही की लाल चौकट येते. अशा चौकटी साठल्या की रिव्ह्यूचा हक्क काही दिवसांसाठी जातो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर याला ऑडिट म्हणतात, पैसे देऊन करून घेतलेल्या लेबलिंगच्या (यंत्रांना शिकवण्यासाठी चित्रं-मजकुराला नावं लावण्याच्या) कामांत 'गोल्ड' प्रश्न म्हणतात. मी जिथे हे काम करतो त्या ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका जागेचा नाही.

आधी जे मान्य आहे ते मान्य करतो. चाचण्या नकोत असं माझं म्हणणं नाही. विमानतळावर सामानाच्या एक्स-रेमध्ये शस्त्रांच्या खोट्या प्रतिमा मुद्दाम मिसळतात, आणि त्याला कारण आहे. नजरेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या प्रयोगात, शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना लोकांच्या नजरेतून ती ७ टक्के वेळा सुटली. तीच वस्तू शंभरात एकाच चित्रात ठेवल्यावर ३० टक्के वेळा सुटली. दुर्मीळ गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते, म्हणून मधूनमधून ती दाखवत राहावी लागते. पण एक्स-रेमधलं पिस्तूल हे पिस्तूलच असतं. ते पिस्तूल आहे की नाही यावर कुणी मतदान घेतलेलं नसतं.

आता 'उत्तर समुदायानेच ठरवलंय' याकडे येऊ. सगळी गोम इथे आहे. चाचणीसाठी पोस्ट सहसा माणूस निवडत नाही, प्रोग्रॅम निवडतो. भरपूर मतं मिळालेली ती चांगली, हटवलेली ती वाईट. पण पोस्ट हटवली जाण्याची कारणं पोस्टीत दिसतातच असं नाही. लेखकाने स्वतःच काढून घेतलेली असते, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याला जास्त पटलं. किंवा मजकूर उत्तम असतो, फक्त कुठून तरी जसाच्या तसा उचललेला असतो. रिव्ह्यूअरसमोर येतात चार नीटस परिच्छेद. तो 'ठेवा' म्हणतो आणि नापास होतो.

उलटंही घडतं. माझ्यासमोर एक उत्तर आलं: 'इथे सगळं दिलंय, हे करून बघा', आणि खाली एक लिंक. बस्स. मी लिंक उघडली, पान अस्तित्वातच नव्हतं. 'हटवा' दाबलं, लाल चौकट. मूळ पोस्ट शोधली तर तिला ढीगभर मतं होती, लिंक चालू होती त्या काळातली. रांगेत मात्र मतांचा आकडा लपवलेला होता आणि पोस्ट ताजी असल्यासारखी दाखवली होती. म्हणजे ज्याने लिंक उघडून पाहिली तो बेफिकीर, आणि ज्याने न उघडता 'ठेवा' दाबलं असतं तो जबाबदार! माझी ती ठरावीक मुदतीतली दुसरी चौकट होती. सात दिवस बाहेर.

'माणसांनी ठरवलं म्हणजे बरोबर' हे तर जाणकारांच्या बाबतीतही खरं नाही. मशीन लर्निंगच्या निप्स परिषदेने २०१४ मध्ये १६६ शोधनिबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. ४३ निबंधांवर एका समितीचा निकाल दुसरीच्या उलट लागला. ही त्या विषयात मुरलेली माणसं. आणि यंत्रांची परीक्षा घ्यायला जे डेटासंच प्रमाण मानतात, त्यांतले दहा २०२१ मध्ये काही संशोधकांनी तपासले, तेव्हा सरासरी किमान ३.३ टक्के उत्तरंच चुकीची निघाली.

३.३ टक्के म्हणजे किरकोळ, असं वाटेल. मलाही वाटलं होतं, म्हणून कागदावर मांडून पाहिलं. धरून चला की चाचण्यांतही एवढीच खोट आहे, दर वीस पोस्टींमागे एक चाचणी येते आणि महिन्यात दोनदा नापास झालं की निलंबन. आता एक असा रिव्ह्यूअर घ्या जो कधीच चुकत नाही. तो रोज ४० पोस्टी बघतो, म्हणजे महिन्याला ६० चाचण्या. तो नापास होईल तो फक्त उत्तरच चुकीचं असेल तिथे. तरी त्याचं त्या महिन्यात निलंबन होण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के येते. हाच माणूस रोज चारच पोस्टी बघत असता तर दीड टक्का. नजर तीच, समज तीच. दहापट काम केलं म्हणून धोका जवळपास चाळीसपट. 'फक्त बेफिकीर लोक नापास होतात' हे वाक्य इथेच निकालात निघतं, कारण या हिशेबात बेफिकिरी आलेलीच नाही, फक्त राबणं आलंय.

गंमत म्हणजे खरे बेफिकीर यातून सुटतात. मुरलेला माणूस पोस्ट वाचतच नाही. दुसऱ्या टॅबमध्ये मूळ पान उघडतो, मतांचा आकडा पाहतो, पोस्ट आधीच हटवलेली दिसली तर चाचणी आहे हे ओळखतो, आणि हवं ते बटण दाबतो. चाचणी नसेल तर डोळे मिटून 'ठेवा'. अशांच्या नावावर एकही लाल चौकट नसते. (हा उपाय मला एका जुन्या सहकाऱ्याने मोठ्या प्रेमाने शिकवला. निलंबनानंतर.)

'वगळा' बटणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आपण चुकतोय असं वाटलं तर माणूस वगळेल. माझ्या मेलेल्या लिंकच्या बाबतीत मला शंका नव्हतीच, खात्री होती. आणि जरा अवघड दिसेल ते सगळे वगळू लागले, तर अवघड पोस्टी नेमक्या त्यांच्याकडेच जातील ज्यांना काहीच अवघड वाटत नाही.

राहिलं 'बिघडलं काय'. कष्टाळू रिव्ह्यूअर बाहेर गेला की त्याच्या वाटच्या पोस्टी रांगेतच पडून राहतात. शिवाय निलंबनाच्या संदेशात बहुतेकदा एवढंच असतं की तुम्ही लक्षपूर्वक काम करत नाही. फुकट काम करणाऱ्याला कामाबद्दल मिळतो तो थोडा मान, तोच काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं पगार तर कापला नाही ना.

अनेक मोठ्या परीक्षांत पहिली उत्तरतालिका लावतात, हरकती मागवतात, चुकीचा प्रश्न रद्द करतात. इथे तर ते त्याहून सोपं आहे, कारण प्रत्येक चाचणीत कोण पास, कोण नापास याची नोंद यंत्रणेकडे असतेच. एरवी नीट काम करणारे दहापैकी सात जण एकाच चाचणीत आपटत असतील तर ती चाचणी बाजूला काढायची, माणसाने बघायची, आणि तिच्यामुळे लागलेल्या चौकटी पुसायच्या. वेबसाइटवर 'तुम्ही माणूसच ना' हे वेडेवाकडे शब्द वाचायला लावून तपासणाऱ्या रीकॅप्चाने हे २००७ पासूनच ओळखलं होतं: छापील पुस्तकातला संगणकाला न वाचता आलेला शब्द अनेक जणांचं वाचन जुळल्याशिवाय पक्का धरायचा नाही, आणि पक्का झाल्यावरच त्याने दुसऱ्यांना तपासायचं.

मी त्या लिंकच्या चाचणीवर हरकत घेतली. चौथ्या दिवशी उत्तर आलं: चाचणी सदोष होती, काढून टाकली आहे, कळवल्याबद्दल आभार. उरलेले तीन दिवस मात्र मला भरावे लागले, कारण निलंबन मागे घ्यायचं बटण त्यांच्याकडे नव्हतं.