अ‍ॅलन फील्डहाउस आणि प्रेक्षकांनी घडवलेला संघ

मार्च महिना, म्हणजे राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेचा काळ, जवळ आला की अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे जुने चाहते एकमेकांना जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाठवू लागतात. या स्पर्धेच्या 2008 च्या अंतिम सामन्यात शेवटची दोन सेकंद उरलेली असताना मारिओ चाल्मर्सने मारलेला तो तीन गुणांचा दूरचा फटका, 1988 मध्ये डॅनी मॅनिंगने जवळजवळ एकहाती खेचून आणलेले विजेतेपद, 2012 ची शेजारच्या मिझुरीच्या संघाविरुद्धची दुपार. त्यावर तरुण चाहत्यांची प्रतिक्रियाही ठरलेलीच असते, की तुम्ही मंडळी अजून त्यातच अडकला आहात. कॅन्सस विद्यापीठ असलेल्या लॉरेन्स या गावात माझ्या शिक्षणाची काही वर्षे गेली आणि संघाचे घरचे क्रीडागृह असलेल्या अ‍ॅलन फील्डहाउसच्या लाकडी बाकांवर उभे राहून मी हा खेळ पाहायला शिकलो, म्हणून या आक्षेपाला नीट उत्तर द्यावे असे मला वाटते. या संघात खेळाडू येतात आणि जातात, प्रशिक्षक बदलतात, ज्या स्पर्धागटात तो खेळतो तो गटही मोडून नव्याने बांधला जातो. पिढ्यानपिढ्या टिकले आहे ते प्रेक्षकांनी स्वतःच्या हातांनी घडवलेले, आणि त्याची आठवण काढणे हे त्याच्या रक्षणाचेच काम आहे.

ज्यांना या जागेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जायला हवे. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत शोधून काढला. आपल्याकडे मुंबईच्या नागपाड्यातल्या मुलांनी ज्या खेळावर जीव लावला, तो हाच. नेस्मिथ 1898 मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले आणि तिथले पहिले प्रशिक्षक झाले. विशेष म्हणजे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरलेले प्रशिक्षक ते एकटेच आहेत. नोंद आहे 55 विजय आणि 60 पराभवांची. त्यांचे शिष्य फॉग अ‍ॅलन यांनी 39 हंगाम संघ सांभाळला आणि 1 मार्च 1955 रोजी त्यांच्या नावाची इमारत त्याच राज्यातल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याने उघडली. उंच खिडक्यांची ही चुनखडी दगडाची वास्तू बाहेरून एखाद्या जुन्या कोठारासारखी दिसते. हिवाळ्यातल्या दुपारच्या सामन्यात त्या खिडक्यांतून ऊन तिरपे आत येते आणि मैदानावर लांबट पट्टे पडतात. आधुनिक, बंदिस्त, काळोख्या क्रीडासंकुलांत हे पाहायला मिळत नाही.

आता प्रेक्षकांच्या रीतींकडे येतो, कारण खरा विषय तोच आहे. पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावे पुकारली जात असताना विद्यार्थी तोंडासमोर वर्तमानपत्र उघडून धरतात आणि आपल्याला तुमच्यात काही रस नाही अशा आविर्भावात ते वाचत राहतात. त्या कागदाआड हजारो चेहरे एकाच वेळी गडप होतात आणि समोरच्या संघाला फक्त छापील मजकुराची भिंत दिसते. दरम्यान कागदाखाली बोटे कामाला लागलेली असतात. पाने उभी फाडायची, मग आडवी, मग पुन्हा उभी; बारीक तुकडे झाले तरच ते हवेत तरंगतात, जाड फाडले तर पुढच्या रांगेच्या डोक्यावर धप्पकन पडतात. हे मला शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलीने, माझ्या हातातला कागद काढून घेऊन, करून दाखवले होते. आपल्या संघाची नावे पुकारली गेली की ते सगळे तुकडे एकदम वर उडतात. बोटांवर शाई राहते, केसांत कागद राहतात, आणि त्या क्षणापासून आपण प्रेक्षक म्हणून वेगळे उरत नाही.

‘रॉक चॉक, जेहॉक, केयू’ (जेहॉक हे विद्यापीठाच्या संघांचे नाव, केयू म्हणजे कॅन्सस विद्यापीठ) या घोषाचे मूळ 1886 पर्यंत मागे जाते. रसायनशास्त्राचे प्राध्यापक ई. एच. एस. बेली यांच्या विज्ञान मंडळातून तो आला; आरंभीच्या घोषातले शब्द थोडे वेगळे होते, पुढे विद्यापीठाच्या टेकडीवरच्या खडूसारख्या चुनखडकावरून आजचे शब्द रूढ झाले. दोनदा अतिशय संथपणे, जवळजवळ गंभीर प्रार्थनेच्या चालीवर, आणि मग तीनदा जलद. सामन्यापूर्वी विद्यापीठगीतानंतर तो होतोच, पण विजय निश्चित झाल्यावर शेवटच्या मिनिटांत तो पुन्हा उठतो तेव्हा खेळ चालू असूनही खेळाडूंकडे कोणाचे लक्ष नसते. मग दोन्ही हात वर करून, सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलवत, वाऱ्यावर डोलणाऱ्या गव्हाच्या शेताची नक्कल केली जाते. ज्वारीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर बाजूला उंच टांगलेल्या फलकावर ‘आत येणाऱ्या सर्वांनी सावध असावे, फॉगपासून जपून राहावे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे. फॉग म्हणजे अ‍ॅलन, आणि त्याच उच्चाराचे इंग्रजी धुकेही. हा फलक कोणत्याही जाहिरात संस्थेने तयार केलेला नाही. फेब्रुवारी 1988 मध्ये ड्यूकविरुद्धच्या सामन्याआधी काही विद्यार्थ्यांनी वसतिगृहातले न्हाणीघराचे पडदे जोडून, रंगवून तो वर चढवला. तो सामना संघ हरला, जादा वेळेत, 74 विरुद्ध 70. त्याआधी जानेवारीत कॅन्सस स्टेटने घरच्या मैदानावरची सलग 55 विजयांची मालिकाही संपवली होती. अशा पडत्या हंगामात मुलांनी फलक टांगला, आणि एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीला त्याच संघाने ओक्लाहोमाला 83 विरुद्ध 79 असे हरवून विजेतेपद मिळवले. हंगामात 11 पराभव पदरी असलेला दुसरा कोणताही संघ राष्ट्रीय विजेता झालेला नाही. मूळ फलक पुढे जीर्ण झाला आणि नवा करावा लागला, पण अक्षरे तीच ठेवली.

जुन्या चाहत्यांना केवळ विजय आठवतात हा समजही खरा नाही. 1957 च्या अंतिम सामन्यात विल्ट चेंबरलेनसारखा महान खेळाडू संघात असूनही नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध तीन जादा वेळांनंतर 54 विरुद्ध 53 असा पराभव झाला, आणि हा एका गुणाचा सल त्या पिढीच्या घरांतून मुलांनातवंडांपर्यंत पोहोचला. चेंबरलेन स्वतः विद्यापीठाला विजेतेपद देऊ शकलो नाही या भावनेने चाळीस वर्षे दूर राहिले. अखेर जानेवारी 1998 मध्ये त्यांची जर्सी सन्मानाने सभागृहात टांगण्याच्या सोहळ्यासाठी ते आले, ते आपले महाविद्यालयीन जाकीट घालून. सभागृह उभे राहिले. पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तो पराभव झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा विद्यार्थ्यांनी त्या दिवशी त्यांना ज्या प्रेमाने घरी घेतले, ते प्रेम जुन्या चाहत्यांनी सांगत राहिल्यामुळेच त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. आठवणींना निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी या एका प्रसंगाचा विचार करावा.

मला सर्वांत मोठा सल आहे तो मिझुरीचा. दोन्ही राज्यांमधले वैर यादवी युद्धाच्या काळातले. ऑगस्ट 1863 मध्ये मिझुरीतून आलेल्या क्वांट्रिलच्या टोळीने लॉरेन्स जाळले होते. बास्केटबॉलमध्ये हे दोन संघ 1907 पासून एकमेकांशी खेळत आले. 25 फेब्रुवारी 2012 रोजी, मिझुरी दुसऱ्या स्पर्धागटात जाणार हे ठरलेले असताना, दोघे लॉरेन्सला भेटले. कॅन्सस उत्तरार्धात 19 गुणांनी मागे होता. कॅन्ससच्या थॉमस रॉबिन्सनने बरोबरी साधून दिली, नियमित वेळेच्या शेवटी समोरचा फटका त्यानेच अडवला, आणि जादा वेळेत टायशॉन टेलरच्या दोन फ्री-थ्रोंनी 87 विरुद्ध 86 असा निकाल लागला. त्या दिवशीचा आवाज ज्यांनी ऐकला ते आजही त्याबद्दल बोलताना हळू आवाजात बोलू शकत नाहीत. आणि त्यानंतर ही शंभर वर्षांची गाठ जवळपास दहा वर्षे सुटलेलीच राहिली. डिसेंबर 2021 मध्ये सामने पुन्हा सुरू झाले, याचा आनंद आहे. परंतु हंगामाच्या आरंभी होणारा एक सामना आणि फेब्रुवारीत, गटातले स्थान पणाला लागलेले असताना, घरी आणि परगावी होणारे दोन सामने यांत फार अंतर आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांच्या पैशासाठी गट मोडले गेले तेव्हा या गाठीची किंमत कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही, कारण ती केवळ चाहत्यांच्या मनात होती.

इथे माझे काही जुन्या मित्रांशीही पटत नाही. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि संघ बदलणेही सोपे झाले आहे. माझे मित्र या सगळ्याचा राग खेळाडूंवर काढतात. ज्या मुलांच्या घामावर इतरांनी इतकी वर्षे कमाई केली, त्यांना त्यातला वाटा मिळणे न्याय्यच आहे. मात्र एक गोष्ट हरवते आहे हे मान्य केले पाहिजे. फ्रँक मेसन चार वर्षे राहिला आणि 2017 मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओचाय अगबाजी पहिल्या वर्षी फारसा कोणाला ठाऊक नव्हता. चौथ्या वर्षी, 2022 मध्ये, अंतिम सामन्यात मध्यंतराला 15 गुणांनी मागे असलेल्या संघाने नॉर्थ कॅरोलायनाला 72 विरुद्ध 69 असे हरवले तेव्हा तो अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मुलगा डोळ्यांदेखत मोठा होताना पाहणे हे चाहत्याचे सुख होते. दर वर्षी नवा चमू आला की नावे पाठ होईपर्यंत हंगाम संपतो. अशा काळात बाकांवरच्या रीतींचे महत्त्व वाढते, कारण नवख्या खेळाडूला आपण कुठे आलो आहोत हे त्याच सांगतात.

म्हणून विद्यापीठाने काय करावे याबद्दल माझी मते ठाम आहेत. मैदानालगतच्या जागा विद्यार्थ्यांच्या आहेत आणि त्यांच्याच राहिल्या पाहिजेत. नूतनीकरण करताना महागड्या आसनांसाठी त्यांतली एकही रांग मागे सरकवू नये. सामन्याआधी अनेक दिवस गट करून नाव नोंदवायचे, हजेरीला कोणीतरी उपस्थित राहायचे, अभ्यास तिथेच फील्डहाउसच्या जमिनीवर बसून करायचा, ही रांगेची पद्धत विद्यार्थीच चालवतात. तिच्या जागी मोबाईलवरची सोडत आणण्याचा मोह कधीही होऊ नये. फेब्रुवारी 2017 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध बंदिस्त क्रीडागृहातल्या 130.4 डेसिबल आवाजाचा जागतिक विक्रम नोंदला गेला, तो माणसांच्या गळ्यांनी. अलीकडे खेळ थांबला की लगेच ध्वनिक्षेपकावरचे संगीत सुरू होते आणि पडदा प्रेक्षकांना ओरडायला सांगतो. ओरडायचे केव्हा हे या प्रेक्षकांना सांगावे लागत नाही. निदान शेवटच्या दोन मिनिटांत ध्वनिक्षेपक पूर्ण बंद ठेवावेत, म्हणजे घोषाला आपली संथ चाल धरता येईल. लॉरेन्समध्ये राहिलेल्या, विशेषतः आज तिथे शिकत असलेल्या मराठी मुलामुलींनी हे मत विद्यार्थी प्रतिनिधींपर्यंत पोहोचवावे, आणि आपल्या वेळी रांगेत, बाकांवर काय केले जात असे ते जुन्यांनी इथे खाली सविस्तर लिहावे.