अल्पमत सापडलं म्हणून रब्बीला मोकळं रान मिळत नाही

'रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, मनावर घेतलं तर ज्यू धर्मकायद्यात काहीही चालतं, कारण तालमूद या धर्मकायद्याच्या चर्चाग्रंथात प्रत्येक प्रश्नावर कुणाचं तरी वेगळं मत सापडतंच,' असा दावा पुष्कळ फिरतो. त्यासोबत तीन पुरावे दिले जातात: तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या ग्रंथाने अल्पमतं जपली, अडचणीत त्यांचा आधार घेता येतो, आणि १९६४ साली बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंसाठी, रब्बींनी तेच केलं. तिन्ही पुरावे दाव्याच्या विरोधात जातात.

पहिला पुरावा घेऊ. निर्णय बहुमताचा असताना एकट्याचं मत नोंदवायचं कशाला, हा प्रश्न मिश्नेच्या 'एदुयोत' भागातच आला आहे. पुढच्या न्यायसभेला ते पटलं तर आधार असावा, हे त्याचं एक उत्तर. दावा करणारे इथेच थांबतात. पण हे उत्तर न्यायसभेबद्दल आहे, एकट्या रब्बीबद्दल नाही. शिवाय लगेच पुढे रब्बी यहूदा दुसरं कारण देतात: कुणी ते मत परंपरा म्हणून सांगू लागला, तर 'तू ऐकलंस ते अमक्याचं मत' असं त्याला दाखवता यावं. आणि हिल्लेल व शम्माई या जुन्या गुरूंच्या दोन्ही परस्परविरोधी पंथांच्या फक्त सवलती वेचणाऱ्याला तालमूद सरळ दुष्ट म्हणतं.

अडचणीच्या वेळी आधार घेता येतो, हे खरं आहे. रब्बी यहोशुआ बेन लेवींच्या मुलाच्या लग्नात दोन विद्वानांना नशा चढली, रात्रीची शेमा ही प्रार्थना म्हणायची राहिली आणि उजाडलं. तेव्हा रब्बी यहोशुआंनी त्यांना रब्बी शिमोन यांच्या मतावर विसंबायला परवानगी दिली. ही सवलत प्रार्थना चुकवण्यासाठी नव्हती, ती म्हणता यावी म्हणून होती. १८८९च्या शमिता वर्षी, म्हणजे जमीन पडीक ठेवण्याच्या सातव्या वर्षी, पॅलेस्टाइनमधल्या नव्या ज्यू वसाहती उपासमारीच्या भीतीत होत्या. लिथुआनियातल्या कोव्नोचे रब्बी स्पेक्टर यांनी जमीन बिगर-ज्यूंना विकून शेती चालू ठेवायला मान्यता दिली, पण अटी घालून आणि तेवढ्या एका वर्षापुरती. तरीही जेरुसलेमच्या मोठमोठ्या रब्बींनी विरोध केलाच. मनाला येईल ते चालत असतं, तर एवढा वाद कशाला झाला असता?

तिसरा पुरावा मला सर्वांत खटकतो, कारण तो कोकणातून इस्राएलला गेलेल्या मराठी बोलणाऱ्या माणसांबद्दल आहे. त्यांच्या पूर्वजांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह हलाखाप्रमाणे, म्हणजे ज्यू धर्मकायद्याप्रमाणे, झाले होते का, अशी शंका घेतली गेली. १९६१मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने इतर ज्यूंच्या त्यांच्याशी विवाहाला हरकत नसल्याचं ठरवलं. पण १९६२मध्ये त्यांच्या पिढ्या तपासण्याचे आदेश निघाले. आंदोलन पेटलं, आणि ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हटल्यावर आदेशातून समाजाचं नाव वगळलं गेलं. यात कुठल्या अल्पमताला मान्यता दिली? शंका वंशावळीच्या वस्तुस्थितीबद्दल होती, आणि ते नाव हटवलं ते बेने इस्राएल स्वतः रस्त्यावर उतरून लढले म्हणून. त्याचं श्रेय रब्बींच्या मर्जीला देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.