‘ट्रेक ४३०० सांगून डुप्लिकेट सायकल दिली’ या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. सोमवारी दुकान उघडल्यावर आधी तुमच्या बिलाची प्रत काढली. तुम्ही एक स्टार दिलाय आणि तीन गोष्टी लिहिल्यात. ‘ट्रेक ४३००, २०१२’ (ट्रेक कंपनीचं ४३०० मॉडेल, साल २०१२) म्हणून घेतलेल्या सायकलीचा खालचा नंबर नेटवर टाकला तर काहीच सापडत नाही. दुसऱ्या एका दुकानात ती बघताक्षणी ‘डुप्लिकेट’ ठरवली. आणि वेताळ टेकडीवर पडून वाकलेला हँगर, म्हणजे मागच्या गिअरचा भाग ज्यावर टांगलेला असतो ती छोटी पट्टी, आम्ही दोन आठवडे झाले तरी देऊ शकलो नाही.

तिसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सर्वस्वी माझी आहे. बिलावर ‘४३००, २०१२’ हे माझ्याच हाताने लिहिलंय. आधीच्या मालकाने तोंडी सांगितलं, ते मी उतरवलं. फ्रेम त्याने मॅट काळ्या रंगात रंगवून घेतली होती, मूळ अक्षरं दिसत नव्हती, तेव्हा ‘मॉडेल खात्रीचं नाही’ असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. त्याच नावावरून हँगर मागवला, आला तो बसला नाही, आणि तुमची सायकल उभी राहिली. ऐन जानेवारीत, टेकडीवर जायच्या दिवसांत. याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण सायकल डुप्लिकेट नाही. हे कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तुम्ही मागच्या शनिवारी ती दुकानात ठेवलीत तेव्हा मी ती नीट तपासली म्हणून म्हणतोय. तेव्हा घाईत तुम्हाला एवढंच म्हणालो की ‘ओरिजिनल आहे, काळजी करू नका’. तसं बोलून कुणाचं समाधान होणार? म्हणून काय पाहिलं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी नंबर. तो पायडलच्या क्रँकच्या मधल्या नळीखाली, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या तळाला कोरलेला असतो. तुमच्या सायकलीत त्या खाचांमध्ये नवा रंग भरलाय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जिथे तुम्ही इंग्रजी बी वाचलात, तो आठचा आकडा आहे. थिनर लावून, मऊ ब्रशने घासून आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकून पाहिलं तेव्हा कळलं. सुरुवात डब्ल्यूटीयू अशी आहे, आणि त्या काळातल्या ट्रेकच्या फ्रेमवर हीच सुरुवात सापडते. पूर्ण नंबर इथे देत नाही, तो तुमच्या मालकीचा पुरावा आहे. सायकल चोरीला गेली तर पोलिसांना हाच नंबर द्यावा लागतो. तुम्हीही तो जाहीर टाकू नका, ही विनंती.

नंबर बरोबर वाचला तरी नेटवर मॉडेलचं नाव येईलच असं नाही. मोटारसायकलच्या चासी नंबरसारखी सगळी कुंडली त्यातून निघेल असं अनेकांना वाटतं. पण हा नंबर त्या एका फ्रेमची ओळख असतो, वॉरंटी आणि मालकीच्या नोंदीसाठी. मॉडेलचं नाव त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून ‘नंबर सापडत नाही’ यावरून ‘डुप्लिकेट’ ठरत नाही.

मग साल कसं काढायचं? शिमानो या गिअर-ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या सुट्या भागांवर दोन इंग्रजी अक्षरं बारीक कोरलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. वर्षाची अक्षरं १९७६ मध्ये ए पासून सुरू झाली, २००१ मध्ये झेड आला आणि २००२ ला पुन्हा ए. तुमच्या पुढच्या डिरेलरवर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जी-जे आहे, म्हणजे ऑक्टोबर २००८. ब्रेक लिव्हरवर जी-के, नोव्हेंबर २००८. जी म्हणजे १९८२ सुद्धा होऊ शकतं, पण तुमच्या सायकलीला व्ही-ब्रेक आहेत आणि शिमानोने ते १९९६ मध्ये आणले, त्यामुळे ती शंका उरत नाही. मागच्या डिरेलरवर मात्र जे-डी आहे, एप्रिल २०११. तो कुणीतरी नंतर बदललाय. मी नुसता मागचाच डिरेलर पाहिला असता तर २०१२ हे साल पटलं असतं. दोन भाग एकमेकांना लागून असलेल्या महिन्यांचे आणि तिसरा अडीच वर्षांनंतरचा, म्हणजे सायकल २००८ च्या शेवटाची किंवा २००९ ची धरायची.

मला सगळ्यात जास्त खात्री सीट पोस्टने, म्हणजे सीटखालच्या दांड्याने दिली. तो बाहेर काढला तर खाली २९.२ मिलिमीटर कोरलेलं. दुकानात रोज २७.२, ३०.९, ३१.६ ही मापं हातात येतात, २९.२ क्वचित. त्या वर्षांतल्या ट्रेकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या माउंटन बाइकमध्ये ते बरेचदा असायचं. ट्रेकच्याच मालकीच्या गॅरी फिशर या ब्रँडच्या सायकलींतही दिसतं, त्यामुळे नुसत्या या मापावर मी पैज लावणार नाही. पण नंबर, साल आणि हे माप एकाच दिशेला बोट दाखवतात. नक्कल करणारा स्टिकर चिकटवतो, ट्रेकचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवतो. सहज न मिळणाऱ्या मापाची सीटची नळी बनवत बसत नाही.

४३०० आहे का? हे मी आता ठामपणे म्हणणार नाही. ३७००, ३९०० आणि ४३०० या तिन्ही २६ इंची चाकांच्या, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या सायकली. त्यांची किंमत प्रामुख्याने फोर्क, गिअर आणि ब्रेक यांवरून कमी-जास्त व्हायची. तुमच्या सायकलीतले निम्मे भाग बदललेले आहेत आणि रंगही मूळचा नाही. अशा वेळी सुट्या भागांवरून मॉडेल सांगणं म्हणजे भाडेकरूवरून घरमालक ओळखण्यासारखं आहे. बिलावर खरं तर एवढंच यायला हवं होतं: ट्रेक, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, २६ इंच, अंदाजे २००९, मॉडेल अनिश्चित.

हँगरबाबत मीही या निमित्ताने माझी सवय बदलली. मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती मुद्दाम मऊ धातूची करतात, सायकल पडली तर पट्टी वाकावी किंवा तुटावी, फ्रेम वाचावी म्हणून. तुमच्या बाबतीत तिने तिचं काम चोख केलं. पण ही पट्टी सगळ्या सायकलींना एकच नसते, आणि एकाच मॉडेलची दोन वर्षांतली पट्टीही वेगळी निघू शकते. म्हणजे माझं ‘४३००’ बरोबर असतं तरी नावावरून मागवणं चूकच होतं. या वेळी तुमची वाकलेली पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवून बाहेरची रेघ काढली, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं आणि पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवले. तशी हुबेहूब पट्टी काल आली. जुनी सरळ करून देता आली असती, पण अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकून सरळ झालं की कमजोर होतं. उतारावर ती तुटून डिरेलर चाकाच्या आऱ्यांत गेला तर भारी पडेल.

आता पैशांचं. तुम्ही १३,५०० रुपये दिलेत. सायकल नको असेल तर पूर्ण रक्कम परत. तुम्ही तिला टाकलेले नवे टायर काढून घ्या किंवा त्यांचेही पैसे घ्या. ठेवणार असाल तर सालात माझ्याकडून तीन वर्षांची चूक झालीय, त्याचे २,००० रुपये परत, बिल दुरुस्त करून नवं, आणि हँगर मजुरीसह माझ्याकडून. तुमचा अभिप्राय काढून टाका असं मी म्हणणार नाही.

बुधवार सोडून कधीही या, सकाळी दहानंतर मी स्वतः असतो. वाकलेली पट्टी तुम्ही घरी नेलीय, ती टाकू नका, सोबत आणा. नवी लावण्याआधी दोन्ही एकमेकींवर ठेवून तुमच्यासमोरच पाहू.