पैसा लंडनचा, मग जाब एडिनबराला का?

एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) लांबलेल्या रांगांचा विषय निघाला की स्कॉटलंडमधल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. गोषवारा असा: स्कॉटलंड सरकारचा सगळा पैसा लंडनहून येतो, म्हणून हिशेबही लंडनच्या पार्लमेंटातल्या खासदारामार्फतच मागा, आरोग्याच्या नावाने आलेला निधी एडिनबराने (म्हणजे स्कॉटलंड सरकारने) दुसरीकडे वळवला, हा घोटाळा आहे, तिथल्या पार्लमेंटात प्रश्न विचारला तर ‘माहिती नाही’ एवढंच उत्तर मिळतं, आणि आपण भारतीय पासपोर्टवाले, आपल्याला विचारतो कोण? चारही मुद्दे चुकीचे आहेत, पण सारखेच चुकीचे नाहीत.

खासदाराचा मुद्दा आधी निकालात काढू. 1999 पासून आरोग्य, शिक्षण, पोलीस, घरबांधणी, स्थानिक संस्था हे विषय एडिनबराच्या पार्लमेंटकडे आहेत. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला, की असे सोपवलेले विषय मंत्र्यांना प्रश्न म्हणून विचारायचे नाहीत, अपवाद मोजके. राज्यसूचीतल्या विषयावरचा प्रश्न लोकसभेत स्वीकारला जात नाही, तसाच हा प्रकार. खासदार तुमचं पत्र फार तर एमएसपीकडे सरकवेल. (इथला एमएसपी म्हणजे हमीभाव नव्हे, आमदार.) उलट व्हिसा आणि त्यासोबतचा आरोग्य अधिभार, म्हणजे फेब्रुवारी 2024 पासून प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड, हे लंडनचं काम. तिथे मात्र खासदारच गाठायचा.

‘सगळा पैसा लंडनचा’ हे स्वतःच्या पगारपत्रकावर तपासता येतं. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्याच्या टॅक्स कोडच्या सुरुवातीला ‘एस’ असतो. पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे 2017 पासून एडिनबरा ठरवतं. 2024-25 पासून सहा टप्पे आहेत आणि सर्वांत वरचा दर 48 टक्के. वसुली ब्रिटिश कर खातंच करतं, पण पैसा स्कॉटलंडच्या तिजोरीत जातो आणि त्या बदल्यात लंडनच्या अनुदानातून एक रक्कम कापली जाते.

उरलेलं अनुदान कसं वाढतं, इथेच ‘घोटाळ्या’चा गैरसमज रुजलेला आहे. 1978 पासून चालत आलेलं बार्नेट सूत्र मूळ रकमेवर नव्हे, वाढीवर किंवा कपातीवर चालतं. समजा इंग्लंडच्या आरोग्य खर्चात 100 कोटी पौंडांची वाढ झाली. आरोग्य जवळपास पूर्णपणे एडिनबराकडे असल्याने तुलनेचं प्रमाण (त्या खात्याचं किती काम एडिनबराकडे आहे ते) शंभर टक्क्यांच्या जवळ धरतात. इंग्लंडच्या तुलनेत स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे साडेनऊ टक्के. म्हणजे साधारण साडेनऊ कोटी पौंड मिळाले. त्याच वेळी इंग्लंडच्या दुसऱ्या एखाद्या खात्यात कपात झाली असेल तर तिचा वाटा यातून वजा होतो, म्हणून घोषणेतला आकडा आणि हाती आलेला आकडा जुळत नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे या रकमेवर ‘आरोग्य’ असा शिक्का नसतो. ती कुठे खर्च करायची हे स्कॉटिश पार्लमेंट आपल्या अर्थसंकल्पात ठरवतं. दुसरीकडे खर्च करणं बेकायदा नाही. ते योग्य होतं का, हा वाद जरूर घाला, पण त्याचं मैदान एडिनबराच. वर्षाच्या मध्यात एका खात्यातून दुसऱ्यात गेलेला पैसा शरद आणि वसंत ऋतूंतल्या अर्थसंकल्प-सुधारणांत दिसतो. फक्त मूळ अर्थसंकल्प बघून बोलणारे तिथेच फसतात.

आता ‘माहिती नाही’. हा अनुभव खोटा नाही, अर्थ चुकीचा लावला जातो. महाराष्ट्राच्या विधिमंडळात ‘प्रश्न उद्भवत नाही’ वाचलेल्यांना ही जात ओळखीची वाटेल. स्कॉटलंडमधलं पेटंट वाक्य म्हणजे ‘ही माहिती मध्यवर्ती पातळीवर ठेवली जात नाही’. पुष्कळदा ते अक्षरशः खरं असतं, कारण माहिती 14 प्रादेशिक आरोग्य मंडळांकडे किंवा 32 कौन्सिलांकडे (स्थानिक संस्थांकडे) विखुरलेली असते. गल्लीतल्या खड्ड्यांचे आकडे कौन्सिलकडे असतात; सरकार उत्तर देईल ते एम8 किंवा ए9 सारख्या मुख्य रस्त्यांबद्दल.

म्हणून आमदाराला त्याने विचारायच्या प्रश्नाचा मसुदा देताना शब्द मोजून वापरावेत. ‘लोथियनमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनला एवढा उशीर का, सरकार झोपलंय का?’ हा प्रश्न चेंबर डेस्कवरच (पार्लमेंटच्या प्रश्न स्वीकारणाऱ्या कार्यालयातच) अडकेल, कारण नियमानुसार प्रश्नात स्वतःचं मत चालत नाही. ‘गुडघ्याच्या’ हा शब्दही घात करतो: रांगांचे प्रसिद्ध होणारे आकडे मंडळ आणि वैद्यकीय शाखा यांनुसार असतात. तेव्हा असं लिहा: ‘एप्रिल 2023 पासून प्रत्येक तिमाहीअखेर, एनएचएस लोथियनमध्ये अस्थिरोग शाखेत दाखल होऊन उपचार घेण्यासाठी 52 आठवड्यांहून जास्त काळ थांबलेले रुग्ण किती?’ आणि दुसरा, वेगळा प्रश्न: ‘रांगा कमी करण्यासाठी या मंडळाला त्याच वर्षांत दिलेली जादा रक्कम किती, आणि ती कोणत्या तारखांना दिली?’ दोन्ही एकत्र कोंबले की उत्तर सोप्या अर्ध्याचं येतं. पैसे वाटप सरकार स्वतः करतं, त्यामुळे दुसऱ्याला ‘माहिती नाही’ म्हणणं अवघड जातं.

लेखी प्रश्नाला साधारणपणे 10 गणनीय दिवसांत (पार्लमेंटचं कार्यालय उघडं असलेल्या दिवसांत) उत्तर अपेक्षित असतं, सुट्टीच्या काळात 20. तोवर जमलं नाही तर तात्पुरतं उत्तर टाकतात. ते अंतिम समजून गप्प बसू नये. प्रश्नाचा क्रमांक (सहाव्या कार्यकाळात ‘एस6डब्ल्यू’ने सुरू होणारा) टिपून ठेवा आणि पार्लमेंटच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा. ‘मध्यवर्ती पातळीवर नाही’ असं आलं, तर तेच वाक्य पुरावा म्हणून धरून थेट मंडळाकडे किंवा कौन्सिलकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. तिथे मुदत 20 कामकाजी दिवसांची आहे, आणि खर्च 600 पौंडांवर जात असेल तर ते नकार देऊ शकतात. म्हणून दहा वर्षांऐवजी दोन वर्षांचे आकडे मागावेत.

पासपोर्टचा मुद्दा तर उलटाच आहे. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले, त्यामुळे वैध व्हिसावर राहणारे स्कॉटलंडच्या निवडणुकीत नाव नोंदवू शकतात, तेही वयाच्या 16 व्या वर्षापासून मतदान करण्यासाठी. शिवाय पत्र लिहायला मतदार असावं लागत नाही, फक्त पत्ता त्या भागातला हवा. प्रत्येकाला एक मतदारसंघाचा आणि सात प्रदेशाचे असे आठ आमदार असतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: पार्लमेंटातल्या प्रश्नाने तुमच्या स्वतःच्या उपचारांची तारीख अलीकडे येत नाही. त्यासाठी आरोग्य मंडळाकडे तक्रार करा, शक्यतो सहा महिन्यांच्या आत. पहिल्या पायरीला पाच कामकाजी दिवस, सखोल चौकशीला 20. तरीही समाधान झालं नाही तर प्रकरण स्कॉटलंडच्या लोकसेवा लोकपालाकडे नेता येतं.