बोगद्याची गोष्ट

गेल्या गणपतीत गावी जाताना संगमेश्वर सुटलं, उक्षी गेलं आणि गाडी करबुडे बोगद्यात शिरली. माझी चार वर्षांची लेक किंचाळली. रडली नाही, किंचाळली. साडेसहा किलोमीटरचा आहे तो बोगदा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. गाडी बाहेर पडायला पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी तिला छातीशी धरून "घाबरू नकोस, काही होत नाही" एवढंच म्हणत होतो. समोरच्या बाकावरचे काका अगदी मायेने म्हणाले, "रडू नको हां बाळा, नाहीतर टीसी येऊन खाली उतरवेल." मग कणकवली येईपर्यंत तिने माझा शर्ट सोडला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आपण मुलांना प्रवासाच्या गोष्टी सांगतोच, फक्त वाईट सांगतो. टीसी उतरवेल. पोलीस घेऊन जाईल. हात सोडलास तर पोरं धरणारा नेईल. एकेका ओळीच्या या गोष्टी मुलं जन्मभर विसरत नाहीत. वर्षभर त्या ऐकवायच्या आणि गाडीत बसल्यावर घाबरू नकोस म्हणायचं, हे मला आता अन्यायाचं वाटतं.

भांडुपला घरी परतल्यावर चार दिवसांनी, ती खेळत असताना, मी सहज विचारलं की बोगद्यात काय झालं होतं. मला वाटलं होतं, काळोख म्हणेल. ती म्हणाली, "खिडकीत बाई होती." पाऊस होता म्हणून काच लावलेली, बाहेर अंधार झाल्यावर त्या काचेत तिच्या आईचा चेहरा दिसत होता. दुसरं, "माझे कान गेले." गाडी बोगद्यात हवा रेटत जाते, कानाला दडे बसतात, आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तिसरं ऐकून मी गप्प झालो. चिपळूणला मी पाण्याची बाटली आणायला उतरलो होतो आणि तेवढ्यात भोंगा वाजला होता. करबुडे यायच्या कितीतरी आधीपासून ती भ्यायलेली होती.

यंदा मे महिन्यात जायच्या पंधरा दिवस आधी रात्री झोपताना गोष्ट सुरू केली. एक कुर्ली असते, म्हणजे खेकडा. गावच्या व्हाळातली, ओढ्यातली. चुकून सामानाच्या पिशवीतून मुंबईला आलेली, आता घरी निघालेली. कुर्लीच का? कारण तिला बिळात शिरलं की बरं वाटतं. ठाणं सुटल्यावर थोड्या वेळाने पहिलं बीळ येतं, पारसिकचं. ते १९१६ सालचं, सव्वा किलोमीटरहून थोडं लांब, म्हणजे सरावाचं बीळ. मग खेडच्या अलीकडे नातूवाडीचं, चार किलोमीटरहून मोठं. आणि मग करबुडे, बिळांची महाराणी. तिथे काच काळी होते आणि काचेत दुसरी कुर्ली दिसते. आपण नांगी हलवली की तीही हलवते. कान बंद झाले की कुर्ली थुंकी गिळते. टक्.

इंजिनाला नाव हवं, असा हट्ट झाला. मग तिला सांगितलं की १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. तिने सुलतान घेतला. चौथ्या रात्री मी नातूवाडी विसरलो तर मला थांबवून मागे नेलं. त्या रात्री मला खात्री वाटली की गोष्ट आता तिची झाली.

ही काही माझी अक्कल नव्हे. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकी शिक्षिकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑटिझम असलेल्या मुलांसाठी 'सोशल स्टोरीज' ही पद्धत मांडली. पुढे काय घडणार आहे ते मुलाच्या बाजूने, क्रमाने आणि खरं खरं सांगायचं. आणि आपल्याकडे तर लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी आहेच. तीही प्रवासाचीच गोष्ट. वाटेत वाघ आहे हे त्या गोष्टीत कुणी लपवत नाही, म्हणून तर भोपळ्याला किंमत.

खरं सांगणं हा मला यातला सगळ्यात अवघड भाग वाटला. गोष्टीतल्या कुर्लीचा बाबा कुठल्याच स्टेशनवर खाली उतरत नाही. म्हणजे मलाही उतरता येणार नव्हतं. घरूनच चार बाटल्या पाणी भरून घेतलं. रत्नागिरीला गाडी बराच वेळ थांबली, वड्यांचा वास येत होता, पण जागचा हललो नाही. गोष्टीत शब्द दिला आणि फलाटावर मोडला, तर पुढची गोष्ट ती का ऐकेल?

मोबाईलबद्दलही मनापासून सांगतो. हातात व्हिडिओ दिला की मूल गप्प बसतं, हे मीही केलंय. पण मूल गप्प झालं म्हणजे भीती गेली असं नाही. शिवाय बोगद्यात रेंज जाते. ज्या क्षणी मुलाला आधार हवा, नेमका त्याच क्षणी व्हिडिओ थांबतो. गोष्टीला रेंज लागत नाही. फक्त ती आधी सांगावी लागते, घरी, अंथरुणात, मूल शांत असताना. किंचाळणाऱ्या मुलाला गोष्ट ऐकू जात नाही, हे मी करबुड्यात अनुभवलंय.

सगळंच गोष्टीने सुटतं असंही माझं म्हणणं नाही. गाडी लागून उलटी होणं हा शरीराचा त्रास आहे, त्यासाठी डॉक्टरांनाच विचारायला हवं. आणि भीतीने मुलाचं खाणं-झोपणं उडत असेल तर तिथेही आपली हुशारी न चालवता बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

मे महिन्यात पारसिकला तिने माझा हात घट्ट धरला. नातूवाडीत डोळे मिटून घेतले, मोजून दोन मिनिटं. संगमेश्वर गेल्यावर स्वतःच खिडकीशी सरकली. करबुड्यात काच काळी झाली तशी दोन बोटांची नांगी करून काचेवर टेकवली. घाबरली होती, ओठ थरथरत होते. तरी नांगी खाली घेतली नाही. मग माझ्याकडे वळली आणि त्या आवाजात ऐकू यावं म्हणून ओरडून म्हणाली, "बाबा, तुझे पण कान गेले? थुंकी गिळ!"