‘सुभगा’च्या फोटोवरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

‘सुभग’ या छोट्या पक्ष्याच्या माझ्या फोटोवरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रात्री, एकदा सकाळी चहा झाल्यावर. चहानंतरही ती गोड लागली नाही.

आपण लिहिता : ‘जानेवारीतल्या फोटोखाली मादी म्हटलंय, पण पंख काळे आहेत, म्हणजे नर. लांबीही चुकली. घरबसल्या पुस्तकं चाळून पक्षी ओळखणाऱ्यांचं असंच होतं.’

लांबीचं मान्य. सुभग चिमणीएवढा, साधारण १४ सेंटिमीटरचा. माझ्याकडून १८ पडलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते ‘घरबसल्या’. १९९४ साली, सहावीत असताना, वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचो. माणसं दोन, दुर्बीण एक. पहिला सुभग दिसायच्या आधी ऐकला : लांब ओढलेली शीळ, शेवटी एकदम खाली घसरणारी. अर्धा तास बाभळीखाली माना वर करून उभे होतो. पावसाळ्यात नर सरळ वर झेपावतो, कमरेची पिसं फुलवून त्याचा चेंडू होतो आणि शीळ घालत तो अलगद फांदीवर उतरतो, हे पुस्तकात मी नंतर वाचलं. आधी पाहिलं होतं, महाशय.

आमच्या परसातल्या सीताफळाच्या बेचक्यात त्याचं घरटं होतं. मुठीत मावेल एवढी वाटी, बाहेरून कोळिष्टकं अशी लिंपलेली की फांदीला गाठ आलीये असंच वाटावं. पिल्लं उडेपर्यंत आई त्या फांदीखालून वाकून धुणं वाळत घालायची. घरबसल्या पक्षी बघितला असेल तर तो एवढाच!

त्याच फोटोखाली एका ताईंनी ‘हा चष्मेवाला ना?’ असं विचारलंय. किती साधं! (नाही ताई. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. सुभगाला ते नसतं, त्याच्या पंखावर दोन पांढरे पट्टे असतात.) विचारायचीही एक रीत असते, एवढंच म्हणायचंय.

राहिलं नर-मादीचं. विणीचा हंगाम सरला की नराच्या डोक्यावरचा काळा रंग जातो, पंख आणि शेपूट काळीच राहते. मादीचे पंख हिरवट-करडे. हे तुमच्याकडून शिकायची वेळ माझ्यावर आलेली नाही. फोटो सावलीतला आहे, सावलीत करडाही काळा दिसतो. असेलही नर. त्यानं काय मोठं बिघडलं?

फोटोखालचा ‘मादी’ हा शब्द तूर्त काढलाय. ओळ फार लांब होत होती.