क्रूझ, पडाव आणि काकूंचे गुडघे : वेंगुर्ल्याच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि मनापासून लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून मोकळं होणं मला जमेना, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन सगळं घर बाहेर पडणार असेल तर क्रूझचा विचार करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांना ते पटलेलं नाही. क्रूझ म्हणजे समुद्रावर तरंगणारा मॉल, तिथे समुद्राकडे कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्या पैशात अख्खं कुटुंब कोकणात आठवडाभर राहील आणि पैसा गावात राहील. ही जहाजं समुद्रात घाण टाकतात आणि भोगतो आमचा मच्छीमार. साडूंना परत आल्यावर भलंमोठं बिल आलं. लाइफ जॅकेटचा तमाशा केला तो वेगळाच. त्यांची आजी स्टीमरमधून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, आणि पडावातून पाण्यात पाय टाकून वेंगुर्ल्याला उतरायची, आणि आताच्या लोकांना लिफ्ट लागते. एवढं सगळं लिहून शेवटी काका विचारतात : 'मुलगा डिसेंबरात लक्षद्वीपची तिकिटं काढतोय. हिचे गुडघे गेलेत. जाऊ की नको?'

एक आधी सांगते, कारण तुम्ही सूचित केलंत. मी कुठल्याही कंपनीची एजंट नाही. तिकीट स्वतःच्या पैशाने काढते आणि या लेखांचे मला कुणी पैसे देत नाही.

आता जॅकेट. इथे मला तुमचं अजिबात पटलं नाही, आणि किनाऱ्यावरच्या माणसाने तरी असं म्हणू नये असं वाटतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले. इतकं मागे जायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आणि मोठ्या जहाजाचं म्हणाल तर १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटून आडवी झाली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची जॅकेटची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याचा सराव, व्हायचीच होती, कारण तेव्हाच्या नियमात ती चोवीस तासांत उरकली तरी चालायची. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या ती झालीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की आपल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जायचं, एवढंच ते असतं. पण जायचं जिन्याने, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. म्हणजे काकूंसाठी हा तमाशा नाही, सगळ्यात आधी विचारायची गोष्ट आहे : केबिनपासून त्या जागेपर्यंत किती मजले चढायचे किंवा उतरायचे? चेक-इनच्या वेळीच 'यांना मदत लागेल' म्हणून नाव नोंदवून घ्या. अशी यादी जहाजावर ठेवलेली असते, पण नाव आपण द्यावं लागतं.

साडूंच्या बिलाबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय की ते रोज रात्री नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे. तिथेच घात झाला असणार. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की आपलं नेटवर्क जातं, आणि फोन आपोआप जहाजाचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क पकडतो. त्याचा दर आपल्या रिचार्जमध्ये बसत नाही. आपण फोन केला नाही तरी मागे अ‍ॅप डेटा खात राहतात. बंदर सुटताना फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि गरज असेल तर फक्त जहाजाचं वायफाय विकत घ्यायचं, हा उपाय सोपा आहे पण चढताना कुणी सांगत नाही.

बाकीचे पैसे कसे वाढतात तेही सांगते. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं धरून. एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचे पडतात, म्हणून एकट्या मावशीला किंवा आत्याला न्यायचं तर तिच्या जोडीला कुणीतरी बघा. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला मात्र बऱ्याचदा स्वस्त पडतं. मग बंदराचं शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची टीप शेवटच्या पानावर येते. ते पान बघितल्याशिवाय 'स्वस्त मिळालं' म्हणू नये. जेवण तिकिटात असतं, पण दारू, वायफाय, मसाज, काही खास रेस्तराँ, फोटो आणि किनाऱ्यावरच्या सहली नसतात. जहाजावर रोख चालत नाही. खोलीची किल्ली असते तेच कार्ड दाखवायचं आणि सही करायची, त्यामुळे खर्च हाताला लागत नाही. रोज संध्याकाळी रिसेप्शनवर जाऊन आपला हिशेब छापून मागा. लाज बाळगू नका. चूक असेल तर ती त्याच दिवशी दुरुस्त होते, उतरायच्या सकाळी त्या काउंटरवर ही रांग असते.

आता तुमचा खरा मुद्दा : कोकण सोडून क्रूझ कशाला?

ज्याचे पाय धड आहेत त्याने आधी कोकणच बघावं, यात माझं-तुमचं एक मत आहे. आणि क्रूझवरून कोकणचा किनारा दिसतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मुंबईहून जहाज संध्याकाळी सुटतं, बाहेरच्या खोल पाण्यातून जातं आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग झोपेतच मागे पडतात. किनारा पाण्यावरून बघायचा तर सागरी मार्गाने गाडी घेऊन निघावं आणि वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडत जावं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघावीत. तो पैसा गावात राहतो, आणि राहावा.

पण काका, आपल्याकडची घरं आठवा. रस्त्यावरून घराकडे उतरणारी जांभ्याची घाटी, मग अंगण, मग ओटा. पुळणीवर जायचं तर आणखी खाली, आणि परत चढ. जंजिऱ्याला शिडाची होडी दरवाज्याशी लागते तेव्हा हलत्या होडीतून ओल्या पायरीवर पाऊल टाकावं लागतं, धडधाकट माणूसही हात शोधतो. माझ्या सासूबाईंना रत्नागिरीत राहून गेली कित्येक वर्षं समुद्र जवळून दिसला नव्हता, कारण तिथवर उतरणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. जहाजावर पहिल्या सकाळी साडेपाचला त्या खोलीत नव्हत्या. आम्ही घाबरून शोधायला गेलो तर लिफ्टने वर जाऊन डेकवर कठड्याजवळच्या खुर्चीत बसलेल्या. शाल गुंडाळलेली, कागदी कपातला चहा दोन्ही हातांत धरलेला, आणि समोर सगळं पाणी. घरी त्या वेळेला त्या सगळ्यांच्या चहाचं आधण ठेवतात. होमस्टेमध्ये राहिलो असतो तरी यजमानीणबाईंना मदत करायला स्वयंपाकघरात शिरल्या असत्या, मला खात्री आहे.

म्हणून माझं मत आजही तेच आहे. ज्यांच्या शरीराला चढउतार झेपत नाही आणि ज्या बायकांना आयुष्यभर घरातून सुटी मिळालेली नाही, त्यांच्यासाठी क्रूझ घ्यावी. जहाज हीच सहल समजून घ्यावी. बंदरं बघायला म्हणून घेऊ नये, चार-सहा तासांत कुठलंही गाव बघून होत नाही. मॉलचं म्हणाल तर आत दुकानं आणि कॅसिनो आहेत, मोठ्या आवाजाचे कार्यक्रम आहेत. पण डेकचं दार कुणी बंद करत नाही.

घाणीच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूची आहे, तुमच्यापेक्षा थोडी जास्तच. आंतरराष्ट्रीय नियमांनी प्लास्टिक समुद्रात टाकायला पूर्ण बंदी आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकावर ०.५ टक्क्याची मर्यादा आहे. पण तेच नियम किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या पुढे, चालत्या जहाजातून प्रक्रिया न केलेलं मैलापाणी सोडायची मुभा देतात. तिथे आपल्या बोटी जातातच ना. व्हेनिसच्या मुख्य कालव्यांतून २५ हजार टनांवरच्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून बंदी झाली, त्यामागे वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरणारे तिथले लोकही होते. आपल्या किनाऱ्यावर क्रूझची बंदरं करायची भाषा होईल तेव्हा धक्का कुठे बांधणार याच्या आधी मैलापाणी कुठे उतरवून घेणार, हे मच्छीमार सोसायट्यांनी विचारायला हवं. तिकीट काढणाऱ्यानेही कंपनीला विचारावं की जहाजावर मैलापाणी शुद्ध करायची यंत्रणा कुठली आहे. मी विचारते. उत्तर दर वेळी मिळत नाही, पण विचारणारे वाढले तर द्यावं लागेल.

आता काकूंचं.

डिसेंबर चांगला. तेव्हा आपल्या बाजूचा समुद्र सहसा शांत असतो, मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा वाढत जातो आणि पावसाळ्यात मुंबईचं जहाज पूर्व किनाऱ्याला जातं. तरी २०१७ मध्ये 'ओखी' वादळ डिसेंबर लागता लागताच लक्षद्वीपवरून गेलं होतं, हे लक्षात ठेवा. हवा बिघडली तर कप्तान बेट गाळू शकतो आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींत त्याची भरपाई फार तर बंदराच्या शुल्कापुरती असते.

लक्षद्वीपला तुमच्या आजींचा पडाव अजून आहे. प्रवाळाच्या खडकामुळे मोठं जहाज बेटाला लागत नाही, ते बाहेर उभं राहतं. जहाजाच्या खालच्या दारापाशी छोटी बोट येते, लाटेबरोबर वर-खाली होत राहते. दोन खलाशी दंडाला धरतात, बोट वर आली की 'चला' म्हणतात आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं असतं. थबकलं की बोट खाली गेलेली असते, मग पुढच्या लाटेची वाट बघायची. व्हीलचेअर तिथे उपयोगाची नाही. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी एक बघा : काकूंना एसटीची पहिली पायरी, दांडा धरून पण मागून आधार न घेता चढता येते का? येत असेल तर जा. येत नसेल तर मुलाला सांगा, लक्षद्वीप नको, गोवा किंवा कोचीची फेरी घे. तिथे जहाज धक्क्याला लागतं आणि उताराच्या शिडीवरून सावकाश उतरता येतं.

केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळची मागा. जहाज तिथे सगळ्यात कमी हलतं. बाल्कनीची खोली वर असते, महाग असते आणि जास्त डोलते. मुंबईहून फिरणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' १९९० ची, सुमारे ४८ हजार टनांची आहे. आजकालची सर्वांत मोठी जहाजं अडीच लाख टनांच्या घरात गेली आहेत, तेव्हा त्यांच्या व्हिडिओंवरून अंदाज बांधू नका. पाण्याखालचे पंख जहाजाचं डावं-उजवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारं नाही. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारा. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि झोपेत असलेलं माणूस जिन्यावर पडतं. तुम्हाला प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर तेही त्यांना सांगा. न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरा आहे का हेही कंपनीला फोन करून विचारून घ्या, रात्री अंधारात पाय तिथेच अडखळतो.

रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि त्या खोलीपर्यंत पोचायला काही तास जातात. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं आणि जड असतं, म्हणून प्रवासाचा विमा काढा आणि त्यात समुद्रातून रुग्णाला हलवायचा खर्च धरलाय का ते वाचा. जेवायला जाताना हात साबणाने धुवा, जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरत नाही.

पायरीचं काय झालं ते इथेच कळवा. मुलाने पैसे भरायच्या आधी कळवलंत तर कुठली केबिन घ्यायची ते जहाजाच्या नकाशावर बघून सांगते.